सरस, चपडा आणि दोन वर्षांची उमेदवारी

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या फाटकापाशी भंगाराचा टेम्पो उभा होता आणि दोघं जण त्यात एक कपाट चढवत होते. कपाट सागवानी होतं, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं असावं. दारांची चौकट शाबूत, बिजागऱ्या पितळी. मी थांबून मालकीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सासूबाईंचं आहे हो, मलाही द्यायचं नव्हतं. मागची फळी निसटलीय आणि एक पाय किड्यानं खाल्लाय. तीन सुतारांना फोन केले. एक म्हणाला, हे टाका, नवीन करून देतो. दुसरा म्हणाला, वरून सनमायका मारू. तिसरा येतो म्हणाला आणि आलाच नाही." भंगारवाल्यानं त्या कपाटाचे आठशे रुपये दिले.

ते काम चार दिवसांचं होतं. पायाचा खाल्लेला भाग कापून तिथं त्याच जातीच्या, तशाच रेषांच्या लाकडाचा तुकडा सांधायचा, मागची फळी पुन्हा खाचेत बसवायची, वरचं पॉलिश जागच्या जागी जिवंत करायचं. बाईंची पैसे द्यायची तयारी होती. वस्तू होती, गिऱ्हाईक होतं, पैसा होता. नव्हता तो फक्त हे काम येणारा माणूस. वीस-बावीस लाख वस्तीच्या शहरात तो सापडत नाही, आणि तो का सापडत नाही याबद्दल मला लिहायचं आहे.

माझं म्हणणं असं. फर्निचरची दुरुस्ती आणि लाकडाचं पॉलिश म्हणजे सुतारकामातलं उरलंसुरलं काम नव्हे. तो वेगळा धंदा आहे, त्याची विद्या वेगळी आहे, आणि ती यायला किमान दोन वर्षं लागतात. आज ती शिकण्याची एकही धड वाट तरुणांसमोर नाही. ती वाट नाशिकनं करावी. त्यासाठी शिकणाऱ्याला दोन वर्षं पोटापुरतं विद्यावेतन आणि शिकवणाऱ्या जुन्या कारागिराला शिक्षकाचा पगार द्यावा.

मी स्वतः हे काम चाळिशी उलटल्यावर शिकलो. एकवीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात काढली, तो बंद पडला, तेव्हा जुन्या नाशकातल्या एका पॉलिशवाल्या उस्तादांकडे जाऊन बसलो. पहिले चार महिने फक्त काचपेपर घासला. मग सहा महिने खुर्च्या उघडल्या. पॉलिशचा बोळा हातात आला तो वर्षानंतर. दोन वर्षांत मला मिळकत जवळजवळ नव्हती. बायकोची शिक्षिकेची नोकरी होती म्हणून निभावलं. हे सांगायचं कारण पुढे येईलच.

आधी "खुर्ची उघडणं" म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा वाद तिथंच आहे.

जेवणाच्या टेबलाची खुर्ची डुगडुगायला लागली की घरचा माणूस किंवा साधा सुतार काय करतो? सांध्यात खिळा ठोकतो, आतून लोखंडी अँगल मारतो, नाहीतर फटीत फेविकॉल ओततो. महिनाभर खुर्ची घट्ट राहते आणि मग आधीपेक्षा वाईट हलते. याची कारणं साधी आहेत. आडव्या पट्टीचं टोक पायातल्या भोकात बसतं, त्याला कुसू म्हणतात. वर्षानुवर्षं ओल-कोरड सोसून ते कुसू बारीक होतं आणि त्याच्याभोवतीचा जुना गोंद तडकून सुटतो. त्या सुटलेल्या गोंदाच्या थरावर नवा गोंद ओतला तर तो लाकडापर्यंत पोचतच नाही. खिळा मारला तर तो कुसालाच चीर पाडतो, पुढे गंजतो आणि लाकडावर काळा डाग सोडतो. म्हणून खुर्ची उघडायची असते. प्रत्येक तुकड्यावर खूण करायची, सगळे सांधे सोडवायचे, जुना गोंद लाकूड न खरवडता काढायचा, बारीक झालेल्या कुसावर व्हीनिअरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, पट्टी चिकटवून ते पुन्हा भोकाच्या मापाचं करायचं, नवा गोंद लावायचा, शिकंज्यात धरायची, आणि गोंद ओला आहे तोवरच सपाट जमिनीवर ठेवून चारी पाय टेकतात का ते बघायचं. गोंद वाळल्यावर बघितलं तर उशीर झालेला असतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे कुठलाही चांगला सुतार करेल. करेलही, पण त्याआधी त्याला एक गोष्ट ओळखावी लागते: या खुर्चीत गोंद कोणता आहे? जुन्या खुर्च्यांत सरस असतो, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला. सरस उष्णता आणि ओलाव्यानं पुन्हा मऊ होतो, म्हणून शंभर वर्षांची खुर्चीसुद्धा लाकूड न मोडता उघडता येते. फेविकॉल १९५९ साली आला आणि त्यानं सरस उकळण्याचं किचकट काम संपवलं. ते बरंच झालं. पण तो सरसासारखा गुमान सुटत नाही. तेव्हा गरम पाण्याचा एक थेंब सांध्याच्या कडेला सोडून तो चिकट होतो का बघायचं, आणि मग ठरवायचं की वाफ द्यायची, की दुसरा मार्ग धरायचा. नवी खुर्ची करणाऱ्याला हा प्रश्न कधीच पडत नाही. तो कोऱ्या लाकडापासून सुरू करतो. दुरुस्ती करणारा दुसऱ्या कुणीतरी, कदाचित तो माणूस आज हयातही नसेल, घेतलेल्या निर्णयांपासून सुरू करतो. ते निर्णय आधी वाचता यावे लागतात.

पॉलिशचंही तसंच. माझे उस्ताद नवीन वस्तू आली की हात लावण्याआधी म्हणायचे, "शेवटी कोणी काय मारलंय ते आधी शोध." न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसावर थोडं स्पिरिट घेऊन टेकवायचं. वरचा थर मऊ झाला, बोटाला चिकटला तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरनं विरघळलं तर लॅकर. दोन्हींना बधलं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), ही नवी रासायनिक पॉलिशं. या अर्ध्या मिनिटाच्या परीक्षेवर पुढचे चार दिवस ठरतात. चपड्याचं पॉलिश कितीही मळलेलं, चिरलेलं असो, ते बहुतेक वेळा खरवडावं लागत नाही. स्पिरिटनंच त्याचा थर पुन्हा एकजीव करता येतो. ज्याला हे माहीत नाही तो सरळ सँडिंगचं मशीन लावतो. मग सत्तर वर्षांत लाकडावर चढलेला रंग दहा मिनिटांत भुश्यात जातो, आणि टेबलावर व्हीनिअर असेल तर मशीन त्याच्याही आरपार जातं. व्हीनिअर मिलिमीटरभरही जाड नसतं. एकदा आरपार गेलं की ती जागा पूर्ववत होत नाही. अशी वाया घालवलेली टेबलं माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येतात, आणि "यात आता काही होणार नाही" हे सांगताना दरवेळी वाईट वाटतं.

चपड्याबद्दल जरा जास्त सांगतो, कारण तो आपलाच आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा थर घालतात तो खरवडून, शुद्ध करून चपडा होतो. जगातल्या मोठ्या लाख उत्पादकांत भारत आहे. रांचीजवळ नामकुमला लाखेच्या संशोधनाची संस्था १९२४ पासून आहे. ज्याला आपण "फ्रेंच पॉलिश" म्हणतो त्याचा मुख्य माल आपल्या जंगलातून जात होता. पातळ स्पिरिटमध्ये चपडा विरघळवायचा, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानं गोल गोल फिरवत डझनावारी पातळ थर चढवायचे, मध्ये मध्ये वाळू द्यायचं. त्याचे दोषही आहेत. गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, स्पिरिट सांडलं तर निघूनच जातं. म्हणून रोजच्या जेवणाच्या टेबलाला चपडा लावणारा माणूस गिऱ्हाइकाचं नुकसान करतो, आणि आजोबांच्या लिहिण्याच्या टेबलावर पीयू फवारणाराही नुकसानच करतो. जुलैत हवा दमट असताना चपडा लावला तर तो पांढुरका पडतो. माझे उस्ताद पावसाच्या झडीत पॉलिश बंद ठेवून फक्त सांधे करायचे. नाशिकचा कोरडा एप्रिल आणि ओला ऑगस्ट यांच्यामध्ये लाकूड किती हलतं ते घरोघरच्या अडकणाऱ्या ड्रॉवरवरून कळतं. कपाटाच्या दाराचं पॅनेल चौकटीच्या खाचेत मोकळं ठेवलेलं असतं ते यासाठीच. खुळखुळतंय म्हणून कुणी ते गोंदानं पक्कं केलं की पुढच्या उन्हाळ्यात ते मधोमध तडकतं.

हे सगळं चाळीस तासांत शिकवता येईल का?

हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात सुतारकाम आहे. पायाभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं, म्हणजे ४० तासांचं. पुढचं १५ दिवसांचं, १२० तासांचं. रोजचे ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजानं कर्ज. ज्याच्या हातात धंदा आधीच आहे त्याला ही मदत मोलाची आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण ती आहेच मुळी आधीपासून हा धंदा करणाऱ्यांसाठी. बारावी झालेली, हाताला काम हवं असलेली सिडकोतली मुलगी त्यात बसत नाही. आणि ४० तासांत चपड्याचे थरसुद्धा नीट वाळत नाहीत.

आयटीआयमध्ये सुतारकाम आहे, एका वर्षाचं. अवजारं धरणं, मापं, सांधे, लाकडाच्या जाती, यंत्रांवरची सुरक्षितता हे तिथं शिकवतात आणि ते पाया म्हणून हवंच. पण तिथला विद्यार्थी नवीन वस्तू बनवायला शिकतो. शिवाय आपल्या गावात आयटीआय म्हटलं की आईबापांच्या डोळ्यांसमोर फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट येतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी तो रस्ता पन्नास वर्षं दाखवला आहे. सुतारकामाला मुलं मिळवणं कठीण, त्यात दुरुस्ती हा शब्द उच्चारायचीही सोय नाही.

तिसरी वाट उमेदवारीची. १९६१ चा शिकाऊ उमेदवारीचा कायदा आहे, त्यात विद्यावेतनाची तरतूद आहे. २०१९ मध्ये बदललेल्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ माणसं असलेलीला हवं तर घेता येतात. आता जुन्या नाशकातल्या पॉलिशच्या दुकानात किती माणसं असतात? एक, फार तर दोन. म्हणजे ही विद्या ज्याच्याकडे आहे, नेमका तोच कायद्याच्या हिशेबात शिकवणारा ठरत नाही. मी दोन वर्षं शिकलो त्याची कुठंही नोंद नाही आणि माझ्या उस्तादांनी दोन वर्षं शिकवलं त्याचा त्यांना एक रुपयाही कुणी दिलेला नाही. उलट माझ्या हातून बिघडलेल्या कामाचा भुर्दंड त्यांनी सोसला.

मला सगळ्यांत जास्त खुपतं ते इथं. विनामोबदला दोन वर्षं कोण शिकू शकतो? ज्याच्या घरात दुसरा पगार आहे तो, किंवा दुकानाच्या मालकाचा मुलगा. पूर्वी दुसरीच सोय होती, जातीची. बारा बलुत्यांत सुतार होता आणि त्याला सुगीला धान्य मिळायचं ते मुख्यतः कशासाठी? नांगर, वखर, गाडीची चाकं वर्षभर चालती ठेवण्यासाठी. म्हणजे गावगाड्यानं दुरुस्तीचा मोबदला ठरवून ठेवला होता, हे त्या व्यवस्थेतलं एक शहाणपण मला मान्य करावं लागतं. पण ती विद्या जन्मानं दिली जात होती आणि जन्मानंच अडवली जात होती. सुताराच्या मुलाला दुसरं काही करता येत नव्हतं आणि दुसऱ्याच्या मुलाला सुतारकी शिकता येत नव्हती. ती व्यवस्था गेली हे चांगलं झालं. मात्र तिच्या जागी आपण काहीच उभं केलं नाही. मी कारखाना सुटल्यावर हे काम धरलं तेव्हा माझ्या एका जवळच्या नातेवाइकानं "आता सुतारकी करणार का?" असं विचारलं होतं, आणि त्या "का"मध्ये काय काय होतं ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. ही विद्या उघड्या दाराच्या शाळेत, प्रमाणपत्रासह आणि विद्यावेतनासह शिकवली गेली तरच तो "का" गळून पडेल. मुलींसाठीही तेच. बोळ्यानं पॉलिश करणं, वेत विणणं, व्हीनिअरचा तुकडा जुळवणं यात दंडाच्या ताकदीचा प्रश्नच नाही. नजर आणि धीर लागतो. तरी पॉलिशच्या दुकानात मी आजवर एकही मुलगी शिकताना पाहिलेली नाही.

आता समोरची बाजू. तीही मी गेली अकरा वर्षं गिऱ्हाइकांकडून ऐकतो आहे.

पहिली: दुरुस्तीपेक्षा नवीन स्वस्त पडतं. पार्टिकल बोर्डाच्या वस्तूबद्दल हे खरं आहे, आणि मी ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. भुसा आणि रेझिन दाबून केलेल्या त्या फळीला खालून ओल लागली की ती पावासारखी फुगते. एकदा सुटलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा धरत नाही. बिजागरी हलवून, आतून लाकडी पट्टी देऊन दोन-तीन वर्षं काढता येतात, त्याहून जास्त नाही. दुरुस्ती शिकलेल्या माणसाला कशावर मेहनत घ्यायची नाही हेही कळायला हवं. पण नाशिकच्या घरांत फक्त पार्टिकल बोर्ड नाही. जुन्या नाशकातले आणि पंचवटीतले वाडे एकामागून एक उतरवले जात आहेत. दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा जातात आणि त्या वाड्यांतल्या खांब-तुळयांबरोबर पलंग, फडताळं, झोपाळे, पेट्याही बाहेर येतात. जुने लाकूडवाले सांगतात की पेठ-सुरगाण्यापलीकडच्या डांगाचा साग यात आहे. सावकाश वाढलेल्या झाडाचा तो घट्ट, तेलकट गाभा आज पैसे मोजूनही सहज मिळत नाही. हल्लीच्या कमी वयाच्या सागात पांढरा भाग जास्त, आणि किडा पहिल्यांदा तोच खातो. नवीन स्वस्त पडतं म्हणणारा माणूस या दोन सागांची तुलना करत नसतो, सागाची आणि भुश्याची करत असतो. माझ्या वहीप्रमाणे सहा खुर्च्यांचा संच उघडून, साफ करून, चिकटवून, पॉलिश करायला मला नऊ दिवस लागतात. तशाच लाकडाचा नवा संच घ्यायला जे पडतील त्याच्या तिसऱ्या हिश्शात तो होतो आणि मला दिवसाला हजार-बाराशे सुटतात.

मग सुतार हे काम का नाकारतात? याचं उत्तर मला फार उशिरा सापडलं. आपल्याकडे फर्निचरचं काम स्क्वेअर फुटावर चालतं. कपाट इतके फूट, दर इतका, संपलं. पॉलिशसुद्धा फुटावर. आज शहरात नवीन काम करणारे बरेच कारागीर राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले आहेत. हात उत्तम, मेहनत अफाट, पण ते ठेकेदाराकडे फुटाच्या हिशेबानं राबतात. किड्यानं खाल्लेला पाय किती फूट? सुटलेला सांधा किती फूट? दुरुस्तीला मापाचं एकक नाही. आत काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी दर सांगता येत नाही. दर सांगता येत नाही म्हणून गिऱ्हाईक बिचकतं, आणि गिऱ्हाईक बिचकतं म्हणून सुतार "नवीन करून देतो" म्हणतो. वस्तू पाहून अंदाज बांधणं, तो कागदावर लिहून देणं, उघडल्यावर काही वेगळं निघालं तर आधी फोन करून विचारणं, आणि काम झाल्यावर काय बदललं त्याचा फोटो देणं हासुद्धा या धंद्याच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. रंधा-पटाशीइतकाच महत्त्वाचा. माझ्या उस्तादांना हे येत नव्हतं आणि म्हणून त्यांनी आयुष्यभर कमी पैसे घेतले.

दुसरी बाजू जास्त गंभीर आहे, ती तब्येतीची. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगाला कारण ठरतो, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच नोंदवलं आहे, विशेषतः नाकाचा आणि त्यालगतच्या पोकळ्यांचा. पीयूच्या, दोन डबे मिसळून करायच्या पॉलिशमध्ये आयसोसायनेट नावाचं जे रसायन असतं त्यानं दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की मग थोडासा वासही सोसत नाही. तरीही नाशकात बंद खोलीत, तोंडाला रुमाल बांधून फवारणी करणारी मुलं मी दर आठवड्याला पाहतो. रुमालानं वाफ अडत नाही. माझ्या उस्तादांचा खोकला मी दोन वर्षं शेजारी बसून ऐकला आहे. "असल्या धंद्यात मुलाला का घालू?" असं एका आईनं मला विचारलं, तेव्हा माझ्याजवळ सबब नव्हती. माझं उत्तर एवढंच, की यासाठीच तो शाळेत शिकवला पाहिजे. भुसा ओढून घेणारं यंत्र, वाफेसाठीचा योग्य मास्क, हवा खेळती असलेली फवारणीची खोली यांची सवय पहिल्या दिवसापासून लागली तर पुढे दुकान टाकल्यावर माणूस ती सोडत नाही. गल्लीत शिकलेल्याला ती सवय कुणी लावायची? उस्तादांनाच कुणी लावली नव्हती.

आणि गल्लीतही आता शिकायला कुठं मिळतं? मी बसायला लागलो तेव्हा त्या गल्लीत पॉलिशची चार दुकानं होती. आज एक आहे, तेही दुपारनंतर उघडतं.

केंद्र सरकारनं २०२२ मध्ये "दुरुस्तीच्या हक्का"साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. फर्निचर नाही. कंपनीनं सुटे भाग द्यावेत ही मागणी तिथं बरोबरच आहे. फर्निचरला सुटे भाग कंपनीकडून मागावे लागत नाहीत, ते माणसाला करता येतात. तिथं हक्कापेक्षा हुन्नर कमी पडतो आहे.

नाशिकला हे जमण्यासारखं का आहे ते सांगतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच गावात आहे. ज्यांना कॉलेज गाठता आलं नाही अशांपर्यंत शिक्षण नेण्यासाठीच ते स्थापन झालं. प्रमाणपत्राची चौकट त्यांनी द्यावी. जागा आणि यंत्रं आयटीआयची वापरावीत. आणि शिकायला लागणारं सामान महापालिकेच्या शाळांतून आणावं: मोडके बाक, निखळलेल्या खुर्च्या, दार लोंबकळणारी कपाटं. प्रत्येक सरकारी इमारतीच्या गच्चीवर किंवा जिन्याखाली हा ढीग असतो आणि एक दिवस लिलावात जातो. बारा मुलंमुली, दोन वर्षं, महिन्याला पोटापुरतं विद्यावेतन. त्यातली अर्धी रक्कम तरी न विकत घ्याव्या लागलेल्या नव्या बाकांच्या पैशातून निघेल, असा माझा अंदाज आहे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, धर्मशाळा आणि जुन्या वास्तू यांच्या डागडुजीवर पैसा खर्च होणारच आहे. त्यातलं लाकडाचं काम या मुलांच्या हाताखालून गेलं तर शिकण्यासारखं याहून चांगलं मैदान नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे पाठवायचं म्हटलं आहे, आणि त्या कारागिरांच्या यादीत सुताराचं नाव आहे. ते दहा दिवस या शाळेत होऊ द्या. आपण बसतो तो बाक सरळ कसा झाला, हे सहावीतल्या मुलीनं एकदा तरी पाहावं.

एका अटीवर मात्र मी अडून बसेन. शिकवणाऱ्याकडे पदवी मागू नये. ज्यांना हे काम येतं त्यांच्यातल्या बहुतेकांकडे सातवीचाही दाखला नाही. पदवीची अट घातली की शिकवायला असा माणूस येईल ज्यानं कधी सरस उकळलेला नाही, आणि मग ती शाळा नसती तर बरं होतं.

परीक्षा कशी असावी तेही मी मनाशी ठरवून ठेवलं आहे. विद्यार्थ्यासमोर एक डुगडुगती खुर्ची ठेवायची. गोंद कोणता, पॉलिश कोणतं, आधी कुणी खिळे मारलेत का, काही सांगायचं नाही. हात लावण्याआधी त्यानं अंदाजाचा कागद लिहून द्यायचा, त्यात दिवस आणि पैसे. मग पाच दिवस. शेवटी परीक्षकानं त्या खुर्चीवर मागे रेलून बसायचं, आणि विद्यार्थ्यानं दुसरा कागद द्यायचा, त्यात काय बदललं ते आणि काय मुद्दाम बदललं नाही ते. या दुसऱ्या यादीला अर्धे गुण.

उस्तादांना मी विचारून ठेवलं आहे. ते आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी अकरापासून, पावसाळ्यात पॉलिश नाही फक्त सांधे, आणि येण्याजाण्याचं रिक्षाभाडं वेगळं, एवढंच त्यांचं मागणं आहे.